सभागृहातला ‘खटाक्’, जुन्या लेन्स आणि मिररलेसचा प्रश्न

तिसरी घंटा:

सप्रेम नमस्कार.

मी इंदूरच्या रामबागेत राहतो. नोकरी सांभाळून गेली दहा वर्षे इथल्या मराठी नाटकांची आणि गाण्याच्या मैफलींची छायाचित्रे काढत आलो आहे. त्याचे पैसे घेत नाही. कार्यक्रमाची नोंद राहावी आणि कलावंतांच्या हाती एखादी चांगली प्रत पडावी, एवढाच त्यामागचा हेतू. कॅमेरा निकॉनचा डी७५० आणि लेन्स तीन: ५० मिमी एफ/१.८ डी, ८५ मिमी एफ/१.८ डी आणि २४-१२० मिमी एफ/४ (मिमीचा आकडा जितका मोठा तितके दूरचे जवळ दिसते, एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो). यांपैकी ८५ मिमीची लेन्स म्हणजे माझा जीव की प्राण, कारण तिसऱ्या रांगेच्या कडेला बसून गायकाचा चेहरा आणि मागच्या तानपुऱ्याच्या खुंट्या एकाच चौकटीत मिळतात त्या तिच्यामुळेच.

गेल्या महिन्यात एका ख्यालगायनाच्या मैफलीत विलंबित आलाप चालू होता. तानपुऱ्यांखेरीज सभागृहात कसलाही आवाज नव्हता, आणि नेमक्या त्या वेळी माझ्या कॅमेऱ्याचा आरसा खटाक् करून उठला आणि बसला. गाणाऱ्या बाईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. मध्यंतरात आयोजकांपैकी एक वडीलधारे गृहस्थ जवळ आले आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “उत्तरार्धात तुमचे ते यंत्र पिशवीतच राहू द्या.” त्यांचे काहीच चुकले नव्हते, मलाच मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेव्हापासून मिररलेसचा, म्हणजे आरसाच नसलेल्या कॅमेऱ्याचा, विचार डोक्यात घोळतो आहे. मित्रमंडळींत विचारले तर निम्मे म्हणतात की डीएसएलआरचे, म्हणजे माझ्यासारख्या आरशाच्या कॅमेऱ्यांचे, दिवस संपले, आणि उरलेले म्हणतात की ही सगळी कंपन्यांची विकण्याची युक्ती आहे. मला दोन्ही टोके नकोत. आवाजाचा प्रश्न खरोखर सुटतो का, आणि सुटत असेल तर या तीन लेन्सचे पुढे काय होते, एवढे कोणी अनुभवाने सांगेल का?

लगीनघाई:

दादा, मी व्यवसायाने लग्नांची छायाचित्रे काढतो, तेव्हा माझे मत पोटापाण्याच्या बाजूने झुकलेले असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

मी २०२१ साली कॅननच्या डीएसएलआरवरून मिररलेसवर आलो आणि मागे वळून पाहिले नाही. मंगलाष्टके संपून अंतरपाट खाली येतो आणि अक्षता उडतात, त्या दोन-तीन सेकंदांत माझा जुना कॅमेरा वधूला सोडून हवेतल्या अक्षतांवर फोकस धरायचा. नवा कॅमेरा डोळा ओळखतो आणि ओळखला की सोडत नाही. दुसरे कारण चित्रफितीचे आहे, आणि खरे सांगायचे तर माझ्या धंद्यात तेच पहिले आहे. डीएसएलआरने चित्रफीत काढताना आरसा वर उचललेलाच असतो, म्हणजे त्या वेळी तोही मिररलेसच झालेला असतो. फक्त मुख्य फोकस-यंत्रणा आरशाखाली असल्यामुळे ती आंधळी होते आणि व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, काळोख पसरतो. कॅननने २०१३ साली ७०डीमध्ये चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरच फोकस ओळखणारे पिक्सेल बसवले तेव्हा ही अडचण बरीच कमी झाली, पण मग प्रश्न असा उरतो की आरसा तरी कशाला हवा?

लेन्सच्या बाबतीत मी नशीबवान ठरलो. माझ्याकडे कॅननच्या ईएफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याची बॉडी जोडणारे कडे) चार लेन्स होत्या आणि अडॅप्टर लावून चारही पहिल्या दिवसापासून बिनतक्रार चालल्या. ईएफ माउंट १९८७ साली आला तेव्हापासून फोकसची मोटर लेन्सच्याच पोटात असते आणि बॉडीशी तिचे सगळे बोलणे विजेच्या संपर्कबिंदूंवरून होते. निकॉनवाल्यांचे तसे नाही, असे ऐकून आहे. पेंटाप्रिझम काकांनी त्यावर लिहावे.

जुना पेंटाप्रिझम:

लगीनघाई यांनी चेंडू माझ्याकडे टोलवलाच आहे, तर जरा सविस्तर लिहितो.

तिसरी घंटा, तुमच्या लेन्सपैकी २४-१२० मध्ये स्वतःची मोटर आहे, त्यामुळे ती निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर, म्हणजे जुनी लेन्स मिररलेसवर बसवणाऱ्या जोडणीवर, जशीच्या तशी चालेल. अडचण दोन ‘डी’ लेन्सची आहे. त्यांच्यात मोटर नाही. तुमच्या डी७५०च्या माउंटच्या कड्यावर एक लहानसा स्क्रू दिसेल. तो लेन्सच्या पाठीवरच्या खाचेत बसतो आणि बॉडीतली मोटर त्याच्याद्वारे लेन्स फिरवते. डी५६००सारख्या स्वस्त डीएसएलआरमध्ये ही मोटर नव्हती आणि एफटीझेडमध्येही ती दिलेली नाही. म्हणजे मिररलेसवर तुमची ५० आणि ८५ प्रकाश मोजतील, उजेड आत सोडणारे छिद्रही बॉडीवरून बदलता येईल, पण फोकस हाताने करावा लागेल. तुमच्या प्रश्नातला हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे आणि दुकानदार तो स्वतःहून सांगण्याची शक्यता कमी असते.

आता अडॅप्टर मुळात चालतो कसा, ते पाहू. माउंटच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर निकॉनच्या एफ माउंटमध्ये ४६.५ मिमी आहे, कॅननच्या ईएफमध्ये ४४ मिमी. आरसा वर-खाली व्हायला एवढी जागा लागतेच. आरसा गेल्यावर हे अंतर निकॉन झेडमध्ये १६, सोनी ई माउंटमध्ये १८ आणि कॅनन आरएफमध्ये २० मिमीवर आले. त्यामुळे एफ माउंटची लेन्स झेड बॉडीवर लावायची तर मधली ३०.५ मिमीची जागा भरून काढणारी पोकळ नळी पुरते. तिच्यात काच लागत नाही, म्हणून प्रतिमेचा दर्जा घटण्याचे कारण नाही. उलट दिशेने हे जमत नाही. मिररलेसची लेन्स डीएसएलआरवर बसवायची तर ती सेन्सरच्या जितकी जवळ हवी तितकी जाऊच शकत नाही. कोणाच्या घरी जुन्या फिरकीच्या एम४२ माउंटच्या लेन्स पडून असतील, तर त्यांनाही या बदलाने जीवदान मिळाले आहे. त्या माउंटचे अंतर सुमारे ४५.५ मिमी, म्हणजे निकॉन डीएसएलआरपेक्षा मिलिमीटरभर कमी, आणि तेवढ्यासाठी त्या निकॉनवर दूरच्या डोंगराला फोकस करत नसत.

मिररलेसच्या लेन्स लहान आणि हलक्या असतात, हे वाक्य मात्र मी निम्मेच मान्य करतो. रुंद कोनाच्या लेन्समध्ये फायदा खरा आहे. १४ मिमीच्या लेन्सला सेन्सरपासून ४६ मिमी लांब उभे राहून प्रतिमा पाडायची तर पुढे मोठमोठ्या काचा लावून द्राविडी प्राणायाम करावा लागतो. निकॉनची डीएसएलआरसाठीची १४-२४ एफ/२.८ जवळपास एक किलोची होती आणि तिच्या फुगीर काचेपुढे साधा फिल्टर बसत नसे. त्याच मोजमापाची झेड माउंटची लेन्स ६५० ग्रॅमची आहे. पण ५० मिमीकडे या. जुनी एफ/१.८ जी १८५ ग्रॅमची, आणि झेडची एफ/१.८ एस ४१५ ग्रॅमची, म्हणजे दुपटीहून जड. कोपऱ्यापर्यंतचा तिचा रेखीवपणा पाहिला की वजन माफ करावेसे वाटते, पण हलकी ती नव्हे. लांब पल्ल्याच्या लेन्समध्ये तर पुढच्या काचेचा व्यास भौतिकशास्त्र ठरवते. आरसा असो वा नसो, २०० मिमीला एफ/२.८ हवे असेल तर सुमारे ७१ मिमीचे तोंड उघडे ठेवावेच लागते. तुमच्यापुरता हिशेब सांगायचा तर डी७५०ची नुसती बॉडी ७५० ग्रॅम, निकॉनच्या झेड६ या मिररलेसची ५८५ आणि तिच्यावर एफटीझेड १३५. एवढ्या खटाटोपानंतर खांद्यावरचे ओझे तीस ग्रॅमने कमी होते!

जाता जाता एक आठवण. राजा दीनदयाळ १८६६ साली इंदूरला सार्वजनिक बांधकाम विभागात नोकरीला लागले, कॅमेरा त्यांनी इथेच हाती घेतला आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचे प्रोत्साहनही त्यांना मिळाले. त्यांच्या काचपट्ट्यांच्या कॅमेऱ्यातही आरसा नव्हता. मागच्या घाशीव काचेवर उलटी प्रतिमा पाहायची, फोकस बांधायचा आणि मग त्या जागी पट्टी सरकवायची. प्रतिमा सुलटी दिसावी आणि बटण दाबेपर्यंत लेन्समधूनच पाहता यावे, म्हणून पुढे आरसा आणि पंचकोनी प्रिझम आले. आता सेन्सरच सतत पाहत असतो, त्यामुळे आरशाला काम उरलेले नाही. माझे टोपणनाव तेवढे बदलायचे राहिले आहे.

तिसरी घंटा:

काका, मनापासून आभार. स्क्रूची गोष्ट मला खरोखरच ठाऊक नव्हती. लेन्स काढून पाहिली, आहे खरी. पण मग आवाज जाण्यासाठी ८५चा ऑटोफोकस गमवायचा, असा हा व्यवहार दिसतो. आणि मिररलेसचा तो ‘नि:शब्द’ शटर नाटकाच्या दिव्यांखाली दगा देतो, असेही कोणीतरी सांगितले. ते काय प्रकरण आहे?

चौथा तास:

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून हा प्रश्न माझ्या वाटणीचा.

आवाज दोन गोष्टींचा असतो. आरशाच्या उडी मारण्याचा आवाज मोठा, आणि शटरच्या पडद्यांचा त्याहून लहान. मिररलेसमध्ये आरशाचा आवाज आपोआप गेला, पण पडदे बहुतेक कॅमेऱ्यांत आहेतच. नि:शब्द करायचे म्हणजे पडदेही थांबवायचे आणि सेन्सरलाच ओळीमागून ओळ वाचायला सांगायचे. इथे मेख आहे. पडदे संपूर्ण चौकट सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागात ओलांडतात. साधा, म्हणजे वेगवान ‘स्टॅक्ड’ बांधणीचा नसलेला, फुलफ्रेम (जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा) सेन्सर मात्र वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत पोहोचायला साधारण विसावा भाग घेतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे तिच्यावर थेट चालणारे दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्यांना ते कळत नाही. सेन्सर विसाव्या भागात खाली उतरेपर्यंत दिवा पाच वेळा उजळून मंदावलेला असतो, आणि एक्स्पोजर, म्हणजे उजेड घेण्याचा वेळ, छोटे, समजा सेकंदाचा १/४००, ठेवले असेल तर काही ओळींना उजेड मिळतो, काहींना अंधार. चित्रावर पाच आडवे पट्टे उमटतात. उपायही याच गणितात आहे. एक्स्पोजर १/१०० किंवा १/५० ठेवले तर प्रत्येक ओळीला दिव्याचे एक किंवा दोन पूर्ण फेरे मिळतात आणि पट्टे नाहीसे होतात.

रंगमंचावरचे एलईडी दिवे मात्र या हिशेबाला जुमानत नाहीत. त्यांचा उजेड कमी करायचा असतो तेव्हा यंत्र त्यांना फार वेगाने चालू-बंद करत राहते, आणि त्या चालू-बंदीचा वेग प्रत्येक दिव्यागणिक वेगळा असू शकतो. म्हणून १/१००वर सभागृहाचे दिवे स्वच्छ आले तरी निळ्या-जांभळ्या झोतात बारीक रेघा राहू शकतात.

वेगवान सेन्सरने हा त्रास पुष्कळ कमी होतो. सोनीने २०१७ साली ए९ आणला आणि निकॉनने २०२१ साली झेड९. झेड९मध्ये तर यांत्रिक शटरच ठेवला नाही. सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपणारा सेन्सर सोनीने २०२३ साली ए९च्या तिसऱ्या आवृत्तीत दिला, तिथे फिरणाऱ्या पंख्याची पातीसुद्धा वाकडी येत नाहीत. परंतु हे सगळे कॅमेरे हौसेने मैफली टिपणाऱ्या माणसाने दुरून नमस्कार करावा अशा किमतीचे आहेत.

सारसमित्र:

मी पक्ष्यांचा माणूस असल्याने मैफलीबद्दल काही सांगू शकत नाही, पण आवाजाचा प्रश्न आमच्याकडेही आहे. इंदूरजवळच्या यशवंत सागर तलावाच्या काठी पहाटे सारसाची जोडी चरत असते, तिथे डीएसएलआरची सलग दहा-बारा खटाखट वाजली की मान वर होते आणि पुढची पंधरा मिनिटे ती जोडी दूर दूर सरकत राहते. यशवंत सागर आणि सिरपूर या दोन्ही तलावांना २०२२ साली रामसर स्थळांचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा, दर्जा मिळाल्यापासून तिथे कॅमेरे घेऊन येणाऱ्यांची गर्दी दिसते, तेव्हा जरा शांततेने काम केले तर पक्ष्यांवर उपकारच होतील.

मी अनेक वर्षे डी५०० आणि २००-५०० एफ/५.६ वापरली. तो कॅमेरा आजही कोणी दिला तर हसत हसत घेईन. काचेतून थेट पाहण्यात जी सहजता आहे ती इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये मला अजून पूर्णपणे मिळालेली नाही; उडणाऱ्या टिटवीच्या मागे कॅमेरा फिरवताना स्वस्त मिररलेसमध्ये चित्र क्षणभर मागे राहते आणि तेवढ्यात टिटवी चौकटीबाहेर जाते. शिवाय काचेतून नुसते पाहत बसायला वीज लागत नाही. प्रमाणित चाचणीनुसार डी७५०ची बॅटरी १,२३० चित्रे देते आणि झेड६ची ३१०. प्रत्यक्षात दोन्ही आकडे पुष्कळ वाढतात, पण तलावाकाठी तीन तास डोळा लावून बसणाऱ्याला हा फरक जाणवतोच.

तरीही मी बदललो, त्याचे कारण निराळे आहे आणि त्याबद्दल कोणी फारसे लिहीत नाही. डीएसएलआरमध्ये मुख्य आरशामागे एक छोटा आरसा असतो, तो काही उजेड खालच्या फोकस-सेन्सरकडे पाठवतो. म्हणजे फोकस एका ठिकाणी मोजला जातो आणि चित्र दुसऱ्या ठिकाणी पडते. त्या दोन वाटांच्या लांबीत केसाइतका फरक पडला तरी फोकस डोळ्याऐवजी चोचीवर किंवा मानेवर जातो. मग प्रत्येक लेन्ससाठी मेन्यूत जाऊन उणे चार, अधिक सात अशा दुरुस्त्या करत बसायचे, आणि झूम लेन्स एका टोकाला बरोबर आली की दुसऱ्या टोकाला हमखास चुकायची. मिररलेसमध्ये ज्या सेन्सरवर चित्र पडते त्याच्यावरच फोकस मोजला जातो, त्यामुळे हा रोग मुळापासून गेला. तिसरी घंटा, तुम्ही ८५ मिमी एफ/१.८वर वापरत असाल आणि काही चित्रांत पापणीऐवजी कान रेखीव येत असेल, तर दोष तुमच्या हाताचा नसेलही.

डोळा ओळखण्याबद्दल एवढेच म्हणतो की सारस सहा फुटांपर्यंत उंच पक्षी आहे, त्याच्या डोळ्यावर फोकस धरायला मला कधीच संगणकाची गरज पडली नाही. झुडपातल्या शिंपी पक्ष्यासाठी मात्र पडते.

लगीनघाई:

सारसमित्र, डोळा ओळखण्याला एवढे कमी लेखू नका. तुमचा सारस अर्धा तास एका जागी उभा राहतो. माझी करवली राहत नाही.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात घ्यावी. कॅननने १डी एक्सची तिसरी आवृत्ती जानेवारी २०२० मध्ये आणली, निकॉनने डी६ त्याच्या पुढच्या महिन्यात, आणि त्यानंतर या दोघांनी वरच्या वर्गात नवा डीएसएलआर काढलेला नाही. पेंटॅक्स तेवढी त्या वाटेवर टिकून आहे. ज्याला पुढली दहा वर्षे काम करायचे आहे, त्याने नव्या लेन्सवरचा पैसा कोणत्या माउंटमध्ये घालायचा याचे उत्तर त्यात आले.

जुना पेंटाप्रिझम:

नव्या लेन्सवरचा पैसा, हे अगदी बरोबर. पण जुन्या लेन्सचे काय? निकॉनचा एफ माउंट १९५९ सालचा आहे. तेव्हापासून बनलेल्या लेन्सचा एवढा साठा बाजारात आहे की लोक मिररलेसकडे धावत आहेत तोवर हौशी माणसाने शांतपणे वापरलेल्या लेन्स वेचाव्यात. व्यावसायिकाचे आणि हौशी माणसाचे गणित एक नसते.

पहिली पायरी:

मी वाचक आहे, लिहीत नाही, पण प्रश्न याच विषयातला आहे म्हणून विचारते. माझ्या मुलीला कॅमेरा घ्यायचा आहे, तिच्याकडे एकही जुनी लेन्स नाही. दुकानात दोन लेन्ससह डीएसएलआरचा संच फार आग्रहाने दाखवत होते आणि त्याच पैशांत मिररलेस घेतला तर एकच लहानशी लेन्स मिळते असे म्हणाले. दोन लेन्स सोडून एक का घ्यावी, हे मला समजत नाही.

चौथा तास:

ताई, दुकानदाराचे म्हणणे खोटे नाही, पण अर्धे आहे. त्या संचातल्या दोन्ही लेन्स ज्या माउंटच्या आहेत त्यात कंपन्या आता नवे काही आणत नाहीत. शिकणाऱ्याला मिररलेसचा एक मोठा फायदा असा की व्ह्यूफाइंडरमध्येच चित्र किती उजळ किंवा काळे येणार ते आधी दिसते; शटरचा वेग बदलला, छिद्र बदलले की परिणाम तिथल्या तिथे डोळ्यांसमोर. माझे विद्यार्थी डीएसएलआरवर ज्या गोष्टी महिनाभर चुकत शिकले, त्या मिररलेसवर आठवड्यात समजतात.

मात्र बजेट अगदी कमी असेल तर तिसरा मार्ग आहे: वापरलेला डीएसएलआर, संच न घेता एकच ५० मिमी एफ/१.८. कॅननची ती लेन्स १६० ग्रॅमची आहे आणि संचातल्या दोन्ही लेन्सपेक्षा मुलीला जास्त शिकवील. सेकंडहँड घेताना शटर किती वेळा उडाला आहे तो आकडा विचारून घ्या.

तिसरी घंटा:

पंधरा दिवस लिहिले नाही, कारण प्रयोग करत होतो. कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने आठवड्यासाठी त्याचा झेड६ आणि एफटीझेड दिला. इथल्याच एका हौशी मंडळाच्या नाटकाची रंगीत तालीम होती, ती दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपली. सौभाग्यवतींना पुढच्या रांगेत मोबाइलवर आवाज नोंदवायला बसवले होते. त्यांचे म्हणणे असे की नाटकापेक्षा हाच प्रकार करमणुकीचा होता.

डी७५०चा नेहमीचा आवाज तर आपण जाणतोच. त्याच्या शांत पद्धतीत, म्हणजे ‘क्यू’वर, आरसा परत येण्याचा आवाज थोडा लांबतो, त्यामुळे एका खटाक्‌चे खट् आणि आक् असे दोन तुकडे होतात, पण ते पुढच्या रांगेत स्वच्छ ऐकू येतात. झेड६चा यांत्रिक शटर ऐकू येतो, पण तो कोणी पेनचे टोपण लावल्यासारखा. पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवला की त्याहून मऊ, आणि तबला वाजत असेल तर कळतही नाही. नि:शब्द पद्धतीत अर्थातच काही नाही. नोंदीत फक्त माझ्या खुर्चीची करकर आहे.

पट्ट्यांबद्दल चौथा तास यांनी लिहिलेले अक्षरशः खरे ठरले. १/४००वर नायिकेच्या पांढऱ्या साडीवर पाच पट्टे मोजले. १/१००वर ती साडी निर्मळ आली, पण शेवटच्या प्रवेशात बाजूच्या एलईडी झोताचा निळा उजेड मंद केला होता तिथे भिंतीवर बारीक रेघा राहिल्या. तोच प्रवेश पडद्यांच्या शटरने टिपल्यावर रेघा शोधूनही सापडल्या नाहीत.

८५ मिमीचा प्रश्न मला वाटले होते तितका बिकट निघाला नाही. हाताने फोकस करताना व्ह्यूफाइंडरमधले चित्र मोठे करून पापणी पाहता येते आणि बैठकीला बसलेला गायक फार हलत नाही. पहिल्या दहा चित्रांत तीन साधली, तासाभराने दहात सात. नाटकात मात्र पात्र चालू लागले की मी हरलो. तिथे २४-१२०च हवी. सारसमित्र, तुमची शंकाही खरी निघाली. हीच लेन्स डी७५०वर ऑटोफोकसने लावून मोजपट्टीवर तपासली, तर फोकस सातत्याने जरासा मागे पडतो. दहा वर्षे मी स्वतःच्या श्वासाला दोष देत होतो.

ज्याचा मी विचारच केला नव्हता अशी एक अडचण उजेडाची. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा स्क्रीन चालू राहिला तर काळोख्या सभागृहात माझ्या छातीवर कंदील लावल्यासारखे होते, आणि मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी तसे बोलूनही दाखवले. स्क्रीन बंद करून फक्त व्ह्यूफाइंडर चालू ठेवण्याची सोय मेन्यूत आहे, ती आधीच करून ठेवावी. बॅटरी तीन तासांत एकदा बदलावी लागली.

ठरवले ते असे: वापरलेला झेड६ आणि अडॅप्टर घेतो आहे, नवी लेन्स एकही नाही. आलापात नि:शब्द शटर १/१००वर, आणि द्रुत सुरू झाली की मऊ शटर, तोही शक्यतो समेवर, म्हणजे असलानसला आवाज तबल्याच्या पोटात जाईल. डी७५० विकत नाही. रंगपंचमीच्या गेरेत, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर पाण्याच्या आणि गुलालाच्या तोफांपुढे उसना जीव घेऊन जायचे तर तोच न्यायचा.

सारसमित्र:

निर्णय आवडला. गेरेत दोन्हीपैकी कोणताही कॅमेरा न्या, पण लेन्स घरून लावून निघा आणि घरी येईपर्यंत काढू नका. आरसा असतो तेव्हा सेन्सरपुढे निदान एक आडोसा असतो. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडाच. काही बॉडी बंद केल्यावर शटरचा पडदा लावून घेतात, झेड६ घेत नाही. गुलालाचा कण चिकटला तर फुंकर मारू नका, थुंकीचा थेंब त्याहून वाईट. रबरी पंपाची हवा वापरा.

जुना पेंटाप्रिझम:

तिसरी घंटा, ८५ आता पुढची दहा वर्षे चालवणार असाल तर एक काम आजच करा. लेन्स बॉडीवरून काढा, छिद्र पूर्ण उघडे ठेवा आणि एका बाजूने छोटा टॉर्च तिरका धरून दुसऱ्या बाजूने आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. आपल्याकडे आषाढापासून भाद्रपदापर्यंत कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला ती गाठतेच.

तिसरी घंटा:

काका, पाहिले. मागून दुसऱ्या काचेच्या कडेला नखाएवढा एक पांढरा धागा आहे. चित्रात अजून दिसत नाही. सोमवारी साफ करायला देतो आहे, आणि घरात सिलिका जेलचा हवाबंद डबा आजच आणला.